कारवानचं एक वेत, हीटपासून रिंगपर्यंत

कारवान हे आमच्या भागातलं शिकारी कुत्रं. त्याची मादी हीटवर, म्हणजे माजावर, आली की पहिली खूण अंथरुणावर मिळते. म्हणून वेत घ्यायचं ठरलेल्या मादीखाली आम्ही महिनाभर आधीपासून जुनं पांढरं धोतर अंथरतो. गोणपाटावर किंवा रंगीत चादरीवर रक्ताचा पहिला थेंब दिसत नाही, आणि स्वच्छ राहणारी मादी तो चाटूनही टाकते. धोतरावर डाग दिसला तो पहिला दिवस. वहीत तारीख पडते आणि पुढचं वर्ष-दीड वर्ष त्या तारखेला बांधलं जातं.

सांगली जिल्ह्याचा पूर्वेकडचा पट्टा, म्हणजे जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, कमी पावसाचा आणि उघड्या माळाचा. अशा रानात वासापेक्षा नजरेवर धावणारं कुत्रं कामाचं. गुळगुळीत अंगाचा तो कारवान, कानाला आणि शेपटीला झालरीसारखे केस असलेला तो पश्मी. सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यात मुधोळ. तिथल्या संस्थानचे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली, इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला एक जोडी भेट दिली, आणि मुधोळचं नाव त्या कुत्र्याला कायमचं चिकटलं. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदावर मात्र तो 'कारवान हाउंड' आहे. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. आणि खरसुंडीच्या जत्रेत खिल्लार पारखणारी जुनी माणसं कारवान बघतात तेही बैल बघावा तसंच: समोरून पाय, बाजूनं चाल, मागून पुठ्ठा. शोच्या रिंगमधला जज यापेक्षा वेगळं काही बघत नाही.

ही कुत्री पाळून, वेतं घेऊन, शोला नेऊन जे हाती लागतं ते कपात किंवा रोझेटमध्ये (बक्षिसाच्या फितीत) फार थोडं असतं. बाकी सगळं रोजच्या बारीकसारीक गोष्टींत आहे. पहाटेचा वजनकाटा, दुधाच्या वासाची पिल्लं, खरारा फिरवल्यावर उन्हात चमकणारी पाठ. हे सुख कामापासून वेगळं काढता येत नाही. ज्याला पिल्लांचा वास आवडतो, त्याला तो बदललेला सगळ्यांत आधी कळतो. खाली लिहिलं आहे ते त्याच क्रमानं, वहीत पडतं तसं.

जोडी

आधी नर ठरवायचा, मग हीटची वाट बघायची. उलटं केलं की हाताला लागेल तो नर वापरला जातो. कारवानची मोठी अडचण म्हणजे चांगली रक्तं मोजकी आणि एकमेकांच्या नात्यातली. सख्ख्या बहीण-भावाच्या जोडीतून जन्मलेल्या पिल्लाचा अंतःप्रजननाचा गुणांक (आई-बाप किती जवळच्या नात्यातले ते सांगणारा आकडा) २५ टक्के येतो, सावत्र बहीण-भावाचा १२.५, चुलत किंवा मावस भावंडांचा ६.२५. शेवटच्या आकड्याच्या खाली राहायचा आमचा प्रयत्न असतो. दुसरी अडचण शर्यतीची. वेग हवा म्हणून ग्रेहाउंडचं रक्त घातलेली कुत्री गावोगाव 'कारवान' म्हणून फिरतात. पहिल्या पिढीत ती ओळखू येतात, कारण छाती नको तितकी खोल आणि मांड्या जाड दिसतात. तिसऱ्या पिढीत ओळखणं अवघड जातं. त्यामुळे नर बघायला गेलो की त्याचे आई-बाप आणि त्याची आधीची पिल्लंही बघून येतो. एकट्या नरावरून काहीच ठरत नाही.

मेटिंगआधी दोघांची ब्रुसेलाची तपासणी. हा रोग अंगात असला तर वरून काही दिसत नाही, पण गर्भ पडतात, नर वांझ होतो, आणि तो माणसालाही होऊ शकतो. मादीचं अंग आतून तपासून घ्यायचं ते लैंगिक गाठींसाठी. मोकाट कुत्र्यांकडून येणारी ही गाठ आपल्याकडे नेहमी दिसते. व्हिन्क्रिस्टीननं ती बहुतेक वेळा बरी होते, पण तोवर वेत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. २०१७ च्या नियमांप्रमाणे ब्रीडरनं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. मादी किमान अठरा महिन्यांची हवी, वर्षाला एकच वेत, आयुष्यात पाचपेक्षा जास्त नाही, आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. आम्ही तीन वेतांवर थांबतो. तिसऱ्यानंतर मादीची पाठ खाली येते असं आमच्या डोळ्यांना दिसलं आहे.

दिवस मोजणं

'अकराव्या आणि तेराव्या दिवशी जोडी लावा' हे सगळीकडे ऐकायला मिळतं, आणि मादी रिकामी राहण्याचं तेच मोठं कारण. एखादी आठव्या दिवशी तयार असते, एखादी अठराव्या. त्यामुळे पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाआड रक्त काढून प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचा आकडा बघतो. माणसांच्या लॅबमध्येही ही तपासणी होते. सुरुवातीला आकडा १ च्या खाली असतो. २ नॅनोग्रॅमच्या आसपास आला की चढ सुरू झाली, ५ च्या आसपास बीज सुटलं. कुत्रीचं बीज सुटल्यावर लगेच फळत नाही, पिकायला त्याला आणखी दोन दिवस लागतात. म्हणून ५ आकडा आल्यानंतरच्या दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी मेटिंग.

यात दोन चुका होतात. एक, मध्येच लॅब बदलली की यंत्र बदलतं, आणि आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. दुसरी, काही लॅब नॅनोमोलमध्ये आकडा देतात. त्याला ३.१८ नं भागलं की नॅनोग्रॅम येतात. १५ बघून 'वेळ गेली' म्हणून परत फिरलेले लोक आम्ही पाहिलेत, आणि खरं तर ती मादी त्याच दिवशी ५ वर होती.

मादीच्या अंगावरूनही कळतं. रक्ताचा लाल रंग फिका होऊन गवताच्या वाळल्या काडीसारखा होतो, सूज मऊ पडते, आणि शेपटीच्या बुडाशी हात ठेवला की ती शेपूट बाजूला करून ताठ उभी राहते. मादी नराच्या घरी न्यायची, नर मादीच्या घरी नाही. परक्या जागी नर आधी कोपरे हुंगत बसतो. जोडी अडकली की पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत तशीच राहते. त्या वेळात कुणी पाणी ओतलं, ओढाताण केली तर नराला कायमची इजा होते. एकानं मादीचं डोकं धरून बसायचं आणि तिच्याशी हळू बोलायचं. उन्हाळ्यात हे पहाटे पाचला उरकतो.

त्रेसष्ट दिवस

बीज सुटल्यापासून त्रेसष्टावा दिवस, एखादा दिवस इकडे-तिकडे. मेटिंगपासून मोजलं तर सत्तावन्न ते बहात्तर असा मोठा पट्टा येतो. प्रोजेस्टेरॉनवर खर्च केलेले पैसे इथं वसूल होतात, कारण नेमक्या कोणत्या रात्री जागायचं ते कळतं.

अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास सोनोग्राफी. गर्भाचे ठोके दिसतात, पण संख्या भरवशाची नसते. संख्येसाठी पंचावन्नाव्या दिवसानंतर एक्स-रे. तो चुकवू नये. एक्स-रेत पिल्लांचे सात कणे मोजलेले असले की पहाटे तीन वाजता सहा पिल्लांवर मादी शांत झाली तरी आपण झोपत नाही.

खाणं पहिले पाच आठवडे नेहमीचंच. 'पोटुशी आहे, घाला' म्हणून सुरुवातीलाच भाकरी-तूप वाढवलं की मादी सुटते, आणि सुटलेल्या मादीला बाळंतपण जड जातं. सहाव्या आठवड्यापासून दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत, वाटणी दोनची तीन-चार वेळा करतो, कारण पोटात जागा उरत नाही. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली कुत्री आमच्याकडे आहेत, पण गाभणपणात नुसत्या भाकरीवर भागत नाही. अंडी, मटण, कलेजी थोडी, नाहीतर चांगलं पिल्लांचं खाद्य.

कॅल्शियमच्या बाटलीबद्दल ठामपणे सांगतो: गाभणपणात देऊ नका. बाहेरून कॅल्शियम मिळत राहिलं की मादीचं शरीर हाडांतून ते काढायचं विसरतं. मग व्यायल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, दूध भरात असताना, रक्तातलं कॅल्शियम एकदम कोसळतं. मादी धापा टाकते, अस्वस्थ फिरते, पाय ताठ होतात, अंग थरथरतं. ही तासांची गोष्ट आहे. पिल्लं लगेच बाजूला काढायची आणि डॉक्टरांना गाठायचं. शिरेतून सावकाश कॅल्शियम देताना ते हृदयाचे ठोके ऐकत असतात, म्हणून हे घरी करण्यासारखं नाही.

पेटी

प्लायवूडची चार बाय चार फुटांची पेटी, भिंती दीड फूट, एका बाजूला खालची फळी काढता येईल अशी. आतून चारही बाजूंनी, तळापासून चार इंच वर आणि भिंतीपासून चार इंच आत एक दांडा. मादी भिंतीला टेकून बसली की मागं सापडलेलं पिल्लू त्या दांड्याखाली वाचतं. कारवानची मादी सडपातळ असल्यानं पिल्लं चिरडत नाहीत असा समज आहे, पण तिचे पाय लांब आहेत आणि अंगात चरबी नाही. ती बसते तेव्हा हाडच टेकतं.

खाली वर्तमानपत्रांचा जाड थर, वर जाड टॉवेल. व्यायच्या दहा दिवस आधीपासून मादीला पेटीत झोपवतो, नाहीतर ऐन वेळी ती कडब्याच्या गंजीखाली खड्डा काढते. साठाव्या दिवसापासून गुदद्वारात थर्मामीटर, दिवसातून तीनदा. नेहमीचं तापमान १०१ फॅरनहाइटच्या आसपास. ते ९९ च्या खाली उतरलं की पुढच्या बारा ते चोवीस तासांत पिल्लं. त्या रात्री अंगणात तिच्याबरोबर बसणं आम्हाला आवडतं. ती वर्तमानपत्रं फाडत असते, मध्येच उठून दारापर्यंत जाते, परत येऊन मनगटावर हनुवटी ठेवते. चुलीवर पाणी असतं. घाई कुणालाच नसते.

कळा सुरू झाल्यावर मात्र घड्याळ बघायचं. जोराच्या कळा अर्धा तास चालल्या आणि पिल्लू आलं नाही, तर फोन. पोटात पिल्लं बाकी असताना दोन तास काहीच झालं नाही, तर फोन. पहिल्या पिल्लाआधी हिरवा-काळपट स्राव आला, तर थेट गाडी, कारण वार सुटली आहे आणि आतल्या पिल्लाचा श्वास संपत आला आहे. कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनची बाटली घरात ठेवून स्वतःच टोचणारे लोक आहेत. पिल्लू आडवं अडकलेलं असताना ते दिलं तर गर्भाशय फाटू शकतं. सिझर लागलंच तर डॉक्टरांना आधी आठवण करून द्यायची की हे हाउंड आहे. या अंगात चरबी इतकी कमी असते की थायोपेंटलसारखी जुनी भूल उतरायला फार वेळ लागतो. सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गुंतागुंतीच्या मादीला कुठे न्यायचं हे व्यायच्या आधीच ठरवून ठेवावं, रस्त्यासह.

पिल्लू आलं की मादीला अर्धा-एक मिनिट द्यायचं. तिनं पिशवी फाडली नाही तर आपण तोंडावरून फाडायची, लहान रबरी पंपानं नाका-तोंडातलं पाणी ओढायचं, आणि खरखरीत टॉवेलनं पाठ चोळायची. पिल्लू हातात धरून झटक्यानं खाली-वर हलवायची जुनी रीत सोडून द्या, मेंदूला मार बसतो. नाळ पोटापासून बोटभर अंतरावर उकळलेल्या दोऱ्यानं बांधून पलीकडे कापायची, टोक आयोडीनमध्ये बुडवायचं. वारा मोजायच्या. पिल्लं सात तर वारा सात. एक-दोन मादीनं खाल्ल्या तर हरकत नाही, सगळ्या खाल्ल्या की दुसऱ्या दिवशी जुलाब ठरलेले. चीक पहिल्या बारा तासांत प्रत्येक पिल्लाच्या पोटात गेलाच पाहिजे. चोवीस तासांनंतर त्यातली रोगाशी लढणारी द्रव्यं आतड्यातून रक्तात जातच नाहीत.

पहिले एकवीस दिवस

या तीन आठवड्यांत पिल्लू मरतं ते बहुधा थंडीनं. पहिल्या आठवड्यात त्याला कुडकुडताही येत नाही. पेटीच्या एका कोपऱ्यात २९ ते ३२ अंश सेल्सियस हवं, दुसरा कोपरा थोडा थंड, म्हणजे पिल्लू सरपटत आपल्याला हवं तिथं जातं. आम्ही पिवळा दिवा तीन फुटांवर टांगतो. लोडशेडिंगसाठी गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून तयार. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे उलट होतं, दिवा बंद आणि खोलीत ओलं तरट. तापमान बघायला काटा ठेवा, पण पिल्लंही सांगतात. एकावर एक ढीग करून किरकिरत असली तर थंडी. दूर दूर पसरून तोंड उघडं असलं तर उकाडा. सैलसर ओळीत, एकाची मान दुसऱ्याच्या पाठीवर आणि सगळी गप्प, हे बरोबर.

गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नका. हा नियम पाठ करावा असा आहे. थंड पिल्लाचं आतडं थांबलेलं असतं. आत गेलेलं दूध तिथंच नासतं, पोट फुगतं, आणि पाजणाऱ्याच्या हातातच पिल्लू जातं. आधी अंगाशी धरून, शर्टाच्या आत घेऊन, तासभरात हळूहळू गरम करायचं. ते तोंड शोधायला लागलं की मग आईच्या मागच्या सडाला लावायचं. मागच्या सडांना दूध जास्त असतं.

रोज पहाटे, चहाच्या आधी, वजन. स्वयंपाकघरातला पाच ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, वर भाजीची टोपली, टोपलीत फडकं. प्रत्येक पिल्लाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची लोकर, सैल, दोन दिवसांनी बदललेली. ती घट्ट झालेली कळत नाही, इतक्या झपाट्यानं पिल्लं वाढतात. जन्मवजनाच्या पाच ते दहा टक्के रोजची वाढ हवी. पिल्लू ४०० ग्रॅमचं असेल तर रोज २० ते ४० ग्रॅम. वरच्या टोकाला वाढणाऱ्या पिल्लाचं वजन दहाव्या दिवसाच्या आसपास दुप्पट. पहिल्या दिवशी थोडं उतरलं तर चालतं, दुसऱ्या दिवशीही उतरलं तर त्या पिल्लाला दर दोन तासांनी वेगळं लुचायला लावायचं. वजन सगळ्यांत आधी बोलतं. आवाज, हालचाल, भूक हे सगळं त्याच्या मागून येतं.

वजन झालं की पिल्लू टोपलीतून उचलून तळहातावर उताणं धरायचं. पोट गच्च पण मऊ, नाळेची जागा कोरडी, जीभ गुलाबी. खालच्या ओठाजवळ नाक न्यायचं. निरोगी पिल्लाच्या तोंडाला गरम दुधाचा, जरा गोडसर वास असतो. तो आंबूस झाला किंवा नाळेपाशी कुबट वास आला की काट्यावर अजून काही दिसलेलं नसतं, पण डॉक्टरांना फोन करायची वेळ झालेली असते. मग पिल्लू परत ठेवायचं आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसायचं. झोपेत पिल्लाचे पंजे झटके देतात, कान फुरफुरतात, पाठीची कातडी लहरते. हा आजार नव्हे. या झटक्यांतून स्नायूंना बळ येतं. काळजी करायची ती झोपेत अगदी निपचित पडलेल्या पिल्लाची. सगळी लुचायला लागली की पेटीतून एक बारीक गुणगुण येते. मधमाश्यांच्या पोळ्याला कान लावल्यासारखी. ती ऐकत पहिला चहा घ्यायचा.

नखं सातव्या दिवशी. सुईच्या टोकासारखी असतात आणि मादीच्या सडांना ओरखडे काढतात. ओरखड्यातून गळू होतं, मादी पाजायची बंद होते. दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात, त्यानंतर थोड्या दिवसांनी कान. डोळा उघडायच्या आधी पापणी फुगली असेल तर आत पू आहे, कोमट पाण्याचा बोळा लावत उघडावी लागते. जंताचं औषध दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या आठवड्यात, वजनावर मोजून. ते आईलाही त्याच वेळी.

पावसाळ्यातलं वेत असेल तर गोचीड. कृष्णाकाठापेक्षा माळावर ती कमी हा गैरसमज आहे. मादीच्या बोटांच्या बेचक्यात आणि कानात रोज बघायचं, चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची, साबणाच्या पाण्यात टाकायची, बोटांनी चिरडायची नाही. लहान पिल्लांवर फवारे मारू नका.

परात

साडेतीन-चार आठवड्यांना परात. खाद्य कोमट पाण्यात भिजवून लापशीसारखं करायचं, मोठ्या पितळी परातीत पातळ पसरायचं. नुसतं गाईचं दूध दिलं की जुलाब होतात, दही चालतं, नाचणीची पेज चालते. पहिल्या दिवशी पिल्लं खातात कमी आणि परातीत चालतात जास्त. मग आई येऊन सगळ्यांना चाटून काढते. त्या पंधरा मिनिटांत घरातलं कुणी कामाला हलत नाही.

कारवान परक्याच्या हाताला लाजतो. ही त्याची जात आहे. पण रिंगमध्ये परका माणूस तोंड उघडून दात बघणार, म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंतचा काळ फुकट घालवायचा नाही. कुकरची शिट्टी, मिक्सर, ट्रॅक्टर, पायाखाली कडबा, वाळू, लोखंडी जाळी. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला, मामा असोत की पोस्टमन, चप्पल बाहेर काढून हात धुतल्यावर एक पिल्लू मांडीवर द्यायचं. यात तडजोड नाही, कारण पार्व्होचा (पिल्लांना रक्ताचे जुलाब लावणाऱ्या रोगाचा) विषाणू चपलेतून येतो आणि मातीत महिनोन्महिने टिकतो. फरशीला ब्लीच, एकास तीस पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवून.

लस सहा ते आठ आठवड्यांना सुरू, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळाव्या आठवड्यापर्यंत. एवढ्या वेळा का, तर आईच्या चिकातून आलेली प्रतिकारशक्ती लस निष्फळ करते, आणि ती कोणत्या पिल्लात कधी संपते हे सांगता येत नाही. रेबीज तीन महिन्यांना. मायक्रोचिप पिल्लू घराबाहेर पडायच्या आधी, आणि त्याच क्रमांकावर क्लबची नोंद.

निवड आणि रिंग

आठव्या आठवड्याला, खाण्याआधी, टेबलावर रबरी चटई टाकून एकेक पिल्लू उभं करतो. या वयात दिसलेली ठेवण मोठेपणी बरीचशी परत येते. मधल्या चार-पाच महिन्यांत ते सगळं बिघडतं, पाय लांब, डोकं लहान, पुठ्ठा उंच. तेव्हा निर्णय बदलायचा नाही. बघायचं ते: डोकं लांब आणि निमुळतं, वरचे दात खालच्या दातांवर कात्रीसारखे बसलेले, मान डौलदार, खांदा मागे झुकलेला, छाती कोपरापर्यंत उतरलेली, पोट वर ओढलेलं, पंजे लांबट. नराचे दोन्ही अंडकोष खाली. एकच असेल तर ते पिल्लू घरात राहणारं, रिंगचं नाही.

शिकवणी रोज तीन मिनिटांची. जास्त केली की कारवान कंटाळतो आणि रिंगमध्ये शेपूट पायात घालतो. पहिलं मिनिट उभं राहणं, दुसरं डाव्या हाताला धरून सरळ जाणं-येणं, तिसरं दात आणि अंग तपासू देणं. लीड, म्हणजे गळ्यातली दोरी, सैल. घट्ट लीडवर डोकं वर ओढलं जातं आणि पुढचे पाय आपटत पडतात. वेग शोधायचा असतो: एकानं बाजूनं मोबाइलवर चित्रण करायचं, आणि कोणत्या वेगाला पाय हलके उचलून लांब पडतात आणि पाठ स्थिर राहते ते बघायचं. आपल्याला तो वेग पायात बसला पाहिजे. त्याचा आनंद वेगळा आहे. एका क्षणी लीडचं ओझंच जाणवत नाही.

अंग कमावायला रब्बीची ज्वारी निघाल्यावरचं रान. उगवतीच्या वेळी, उपाशीपोटी, वीस मिनिटं मोकळं धावणं. सशामागे सोडायचं नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे. दोरीला प्लास्टिकची पिशवी बांधून मोटरनं ओढली तरी कारवान जीव खाऊन धावतो. धावून आल्यावर अर्धा-पाऊण तास जाऊ द्यायचा, मग खाणं, आणि खाल्ल्यावर तासभर विश्रांती. खोल छातीच्या कुत्र्याच्या पोटाला पीळ पडतो तो भरल्या पोटी उड्या मारल्यावर.

शो बहुतेक थंडीतले, पुण्याला किंवा कोल्हापूरला. अंघोळ दोन दिवस आधी, म्हणजे केसांतलं तेल परत येतं. आदल्या संध्याकाळी रबरी खरारा, मग ओलसर शामॉय (मऊ चामड्याचं फडकं), शेवटी रिकामा हात. हातानं केलेली चमक कशानंच येत नाही. नखं आठवड्यापूर्वीच कापलेली. लांब नखांनी पंजा मागे बसतो आणि जज ते लगेच बघतो. पुण्याला जायचं तर पहाटे दोनला निघायचं, पेठ नाक्याला महामार्ग, कराडला पहिला थांबा, खंबाटकी उतरल्यावर दुसरा. घरचं पाणी कॅनमध्ये, कारण पाणी बदललं की पोट बिघडतं. खाणं रिंगनंतर. चिपचा क्रमांक आणि नोंदीचा कागद वरच्या खिशात.

रिंगमध्ये कुत्रं आणि जज यांच्या मध्ये आपण यायचं नाही. एवढं एक सांभाळलं की निम्मं झालं. जज सांगतील तसं सरळ, त्रिकोण, गोल. वळताना घाई नको, वळणावरच चाल तुटते. परत आल्यावर कुत्र्याला स्वतः होऊन उभं राहू द्यायचं. चार पाय हातानं मांडलेला कारवान पुतळ्यासारखा दिसतो. आपणहून थांबून दूर कुठेतरी नजर लावून उभा राहिलेला, तोच खरा. दोन-तीन मिनिटांत संपतं. जजनं खांद्यावर हात ठेवला आणि कुत्र्यानं अंग चोरलं नाही, तर मांडीवर दिलेल्या त्या सगळ्या पाहुण्यांचं चीज झालं, मग नंबर कितवाही येवो.

निकालानंतर आम्ही लगेच निघत नाही. सावलीत चटई टाकून, थर्मासमधला चहा आणि डब्यातल्या भाकरी काढून, बाकीच्या रिंग बघतो. दुसऱ्यांच्या कारवानचे खांदे आणि पुठ्ठे बघत पुढच्या वेताचा नर इथंच सापडतो. वहीत नाव, मालकाचं गाव, आणि एका ओळीत दोष. दोष लिहायचाच. गुण लक्षात राहतात.

दुसऱ्या दिवशी रिंग नाही, लीड नाही. माळावर मोकळं सोडायचं. परत आल्यावर ओसरीवर बसून चारही पंजे मांडीवर घ्यायचे, प्रत्येक बेचक्यात अंगठा फिरवायचा. एक तरी सराटा असतोच. तो निघाला की कुत्रं सुस्कारा टाकतं आणि पाय तिथंच ठेवून झोपतं.